रक्त घेतलं, पण माणसाला विचारलं का?

वाचकांचे प्रश्न : आरोग्य, आनुवंशिकता आणि आपलं वागणं

मधुमेह आणि घराणं या विषयावर मागच्या अंकात लिहिलं, तेव्हापासून पत्रं येत आहेत. या वेळी रुग्णांपेक्षा पीएच.डी. करणाऱ्यांची, करू पाहणाऱ्यांची आणि ज्यांच्या दंडातून या पीएच.डी.साठी रक्त घेतलं गेलं अशा लोकांची पत्रं जास्त आहेत. पुण्यात ते साहजिक आहे. एका बाजूला विद्यापीठ, आयसर आणि एनसीसीएस या विज्ञान संस्था, विषाणू संस्था, मोठी रुग्णालयं. दुसऱ्या बाजूला मुळशी, भोर, शिरूर, जुन्नरची गावं आणि हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारती. नोकरीची सगळी वर्षं मी या दोहोंच्या मधल्या रस्त्यावर काढली, आणि निवृत्तीनंतरही मन तिथेच आहे. सगळ्या पत्रांना उत्तर देणं शक्य नाही. निवडक घेते आहे. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून मी नेट उत्तीर्ण झाले. हिंजवडीतल्या आयटी कर्मचाऱ्यांमधलं नैराश्य आणि मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक, असा विषय पीएच.डी.साठी मांडला आहे. २०० जणांचं रक्त घ्यायचं, कुणाकडे जनुकाचा कोणता प्रकार आहे ते पाहायचं आणि नैराश्याशी ताडायचं. सर म्हणतात विषय चांगला आहे. पण समितीतल्या एका सदस्यांनी 'यातून काही निघणार नाही' एवढंच म्हटलं, कारण सांगितलं नाही. माझं काय चुकतंय?
— संशोधक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : तुझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते. विद्यार्थ्याला कारण न सांगता विषय मोडीत काढणं मला कधीच पटलं नाही, तेव्हा कारण सविस्तर ऐक.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्या अभ्यासातून २००३ साली कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. तू म्हणतेस त्याच जनुकाचा आखूड प्रकार ज्यांच्याकडे आहे, ते लोक आयुष्यात आघात झाल्यावर नैराश्याकडे जास्त झुकतात, असं त्यात दिसलं होतं. जनुक आणि परिस्थिती हातात हात घालून चालतात, हे इतक्या सुबकपणे मांडलेलं पाहून जगभरचे संशोधक त्या वाटेने गेले. त्यावर कितीतरी पीएच.डी. झाल्या. पुढे २०१९ साली अशा गाजलेल्या १८ जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर पुन्हा तपासणी झाली. कुठलीही जनुकं डोळे मिटून उचलली असती तरी नैराश्याशी जेवढा संबंध दिसला असता, त्याहून जास्त या १८ जनुकांचा दिसला नाही.

याचा अर्थ नैराश्यात आनुवंशिकता नाही, असा नव्हे. ती आहे, पण आपल्या डीएनएत हजारो ठिकाणी विखुरलेली. एकेका ठिकाणचा परिणाम इतका बारीक की तो दिसायला लाखो माणसं लागतात. २०० जणांत तुला जे दिसेल ते बहुतेक योगायोगाचं असेल. आणि योगायोग छापण्याजोगा निघाला, तर तो आणखी घातक.

मग हजारो ठिकाणांची बेरीज करून गुण काढावेत का? त्यांना पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात हे तुला माहीत असेल. हे गुण ज्या अभ्यासांवर बेतलेले असतात, त्यांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असा २०१९ मधला हिशेब आहे. ते आपल्याकडे आणले की त्यांचा नेम ढळतो. जीनोमइंडिया प्रकल्पातली १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांसाठी खुली झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. तो पाया आहे. पण नैराश्याचा अभ्यास त्यावर आपोआप उभा राहणार नाही.

आता खरं सांगायचं ते. जनुक वाचणं हे आज यंत्राचं काम झालं आहे आणि दरवर्षी स्वस्त होतं आहे. महाग आणि अवघड आहे ते माणसाचं जगणं नीट मोजणं. तू जनुकासाठी सहा पानं लिहिली असशील आणि 'ताण प्रश्नावलीने मोजला जाईल' अशी एक ओळ. ही दोन्ही मापं उलटी कर.

तुझी माणसं कोण आहेत ते बघ. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारा मुलगा रात्री दोनला जेवतो, पहाटे कॅबने वाकडच्या पीजीवर येतो, खिडकीला काळा पडदा लावून झोपतो, आणि दोन महिन्यांनी त्याची पाळी बदलते. त्याची झोप विचारून कळणार नाही, त्यालाच ती आठवत नसते. मनगटावर हालचाल नोंदवणारं यंत्र आठवडाभर बांध, सोबत झोपेची डायरी दे. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजणार असशील, तर उठल्या उठल्या एकदा आणि अर्ध्या तासाने पुन्हा, कारण जागं झाल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखरावर जातं. 'सकाळी आठचा नमुना' असं लिहून ठेवलंस, तर रात्रपाळीवाल्याच्या बाबतीत त्याला काही अर्थ नाही. त्याची सकाळ दुपारी दोनला होते. 'उपाशीपोटी' म्हणजे नक्की कधी, हेसुद्धा प्रत्येकाच्या झोपेवरून ठरवावं लागेल.

उपाशीपोटीवरून आठवलं. आपल्याकडे 'हो हो, उपाशीच आहे, नुसता चहा घेतलाय' हे वाक्य तुला रोज ऐकू येणार आहे. त्यात खोटेपणा नसतो, चहाला कुणी खाणं मानत नाही. तेव्हा 'काही खाल्लंय का' असं न विचारता 'उठल्यापासून तोंडात काय काय गेलं' असं विचार. एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र यांची नोंद वहीत ठेव, त्या दिवसांत साबुदाणा आणि शेंगदाण्याने आकडे हलतात. रक्तातली साखरही मोजणार असशील, तर तो नमुना फ्लोराइडच्या नळीत घे, बर्फात ठेव आणि पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात लवकर फिरव. साध्या नळीत बाहेर पडून राहिला, तर तांबड्या पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खाऊन टाकतात. हिंजवडीच्या चौकात गाडी अडकली की तुझ्या नमुन्यातल्या मधुमेह्याला मधुमेह उरत नाही. प्रयोगशाळेत कितीही अचूक यंत्र असलं तरी रस्त्यात हरवलेला आकडा ते परत आणत नाही.

माझा सल्ला असा : २०० माणसं जनुकासाठी फार थोडी आहेत, पण त्याच २०० जणांना पाळी बदलण्याआधी, बदलल्यावर आणि पुन्हा काही महिन्यांनी भेटलीस, तर पुरेशी आहेत. मग प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच होते. जनुकं तीच, शिक्षण तेच, घर बहुतेक तेच. बदललं ते घड्याळ. रात्रपाळीने मनावर काय होतं, याचं उत्तर अशा मांडणीतून मिळू शकतं, आणि ते उत्तर उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. डीएनए जपून ठेव, त्यासाठी वेगळी संमती घे. पुढे मोठ्या अभ्यासात सामील होता येईल.

एक गोष्ट मात्र पहिल्या मुलाखतीच्या आधी झाली पाहिजे. नैराश्यासाठी बहुतेक तू पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरशील. नऊ प्रश्न, शून्य ते २७ गुण, १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. त्यातला नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे. कुणी त्यावर 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, तर तू त्याच दिवशी काय करणार? कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांनी तुला 'केव्हाही पाठव' असा शब्द दिला आहे? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक माहितीपत्रकावर हवाच, पण तेवढ्यावर भागत नाही. ही सोय होईपर्यंत एकाही माणसापुढे ती प्रश्नावली ठेवू नकोस.

प्रश्न : नमस्कार. आमच्या गावात काही वर्षांखाली पीएच.डी.च्या मुली आल्या होत्या. घरोघरी रक्त घेतलं, वजन-उंची घेतली. दारू, भांडण, झोप, शेतीचं कर्ज सगळं विचारलं. माझ्या मंडळींनी खरं खरं सांगितलं. नंतर कुणी फिरकलं नाही. आमच्या रक्ताचं काय झालं? ते परदेशात विकतात असं गावात बोलतात. आता दुसरे आलेत, रक्त द्यावं का?
— शेतकरी, भोर तालुका

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. घरातलं दुखणं परक्या मुलीला विश्वासाने सांगितलं आणि तिने निरोपही दिला नाही, याचं वाईट वाटणारच. संशोधन करणाऱ्यांच्या वतीने माफी मागण्याचा मला अधिकार नाही, पण तुमचे हक्क सांगण्याचा नक्की आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं माणसांवरच्या सगळ्या आरोग्य संशोधनाला लागू आहेत. त्याप्रमाणे रक्त घेण्याआधी तुम्हाला कळेल अशा मराठीत माहिती द्यावी लागते आणि माहितीपत्रकाची प्रत तुमच्या घरी राहिली पाहिजे. त्यावर संशोधकाचा आणि त्या संस्थेच्या नैतिकता समितीचा फोन क्रमांक असतो. तो कागद मंडळींच्या डब्यात सापडतो का बघा. सापडला तर थेट समितीला फोन करा. 'आम्ही सहभागी होतो, आमच्या नमुन्यांचं काय झालं' हे विचारणं म्हणजे तक्रार नव्हे, तो तुमचा हक्क आहे.

परदेशाबद्दल : बाहेरच्या देशातल्या संस्थेबरोबरच्या संशोधनासाठी सरकारी छाननी समितीची परवानगी लागते, आणि नमुने बाहेर जाणार असतील तर संमतीपत्रात तसं लिहिलेलं असावं लागतं. रक्त विकायला मनाई आहे. पण गावात अशी बोलवा का उठते ते मला समजतं. जिथे निरोप येत नाही तिथे अफवा येते.

साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब यांचे तुमचे आकडे तुम्हाला मिळायलाच हवे होते. जनुकीय तपासणीचं थोडं वेगळं आहे. संशोधनासाठी केलेली ती तपासणी एका माणसाच्या निदानाच्या दर्जाची नसते, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या हाती कागद देता येत नाही. मात्र सगळ्या गावाचं मिळून काय दिसलं, हे ग्रामपंचायतीत किंवा देवळात बसून सांगता येतं. नव्या मुलांना आधी हेच विचारा : परत कधी येणार, काय घेऊन येणार, मजुरी बुडाली तर भरून देणार का. मजुरीची भरपाई देणं नियमात बसतं. प्रश्न विचारताना तुमच्या सूनबाईंशी एकटीने बोलायची सोय करणार का, हेही विचारा. सासू-सासरे समोर बसलेले असताना झोप लागते का म्हटलं, की घरोघरच्या सुना 'सगळं बरंय' एवढंच सांगतात, आणि त्या उत्तरावर पुढे शोधनिबंध लिहिले जातात. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, उपचार त्यामुळे बंद होत नाहीत. मूल लहान असताना त्याचं रक्त दिलं असेल, तर ते १८ वर्षांचं झाल्यावर त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्यावी लागते.

आणि द्यावं का? या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली तर जरूर द्या, असं मी म्हणेन. त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, आपल्या बाळांचं सुमारे २.७ किलो. हातपाय बारीक, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. हडकुळं दिसणारं आपलं बाळ आतून चरबी राखून जन्माला येतं, हे त्या आयांमुळे जगाला कळलं. पुढे दिसलं की दोन-तृतीयांश आयांमध्ये गरोदरपणी बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व भरपूर होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यांत जास्त आढळली.

हे शोधायला अमुक एक जनुक लागलं नाही. लागल्या त्या शेतावर जाणाऱ्या, भाकरी-कालवणाचा हिशेब सांगणाऱ्या, बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं मुलाला घेऊन तपासणीला येणाऱ्या बायका. ती मुलं आता तिशीत आहेत. त्यांच्यातल्याच मुलामुलींना २०१२ पासून बी-१२ ची गोळी देऊन पुढच्या पिढीत काय फरक पडतो, हेही तपासलं गेलं. तीन पिढ्यांचं हे काम टिकलं, कारण लोक तपासणीला येत राहिले. ते पुन्हा पुन्हा का आले, हे तुमच्या गावात येणाऱ्या प्रत्येक पीएच.डी.वाल्याने समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : ताई, मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्या शाळेच्या कार्यक्रमात एकांनी बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचणीची माहिती दिली. आणखी एक कंपनी लाळेवरून जनुकीय कल सांगते. दोन्ही मिळून बरीच रक्कम होते. करावं का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : नको. दोन्ही नकोत.

बोटांचे ठसे आईच्या पोटात ठरतात आणि कायम राहतात, एवढं खरं. त्यावरून गणित की चित्रकला हे कळतं, याला आधार नाही. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे स्पष्ट सांगितलं आहे. लाळेवरून मुलाचा कल सांगणाऱ्यांबद्दल पहिल्या उत्तरात लिहिलं तेच लागू आहे. आणि नऊ वर्षांच्या मुलाची जनुकीय माहिती कुठल्या तरी कंपनीकडे कायमची जाते, त्याला विचारण्याचं वय येण्याआधी. मुलाचं अभ्यासात खरंच अडत असेल, अक्षरं उलटी दिसत असतील, एका जागी बसवत नसेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना दाखवा. तिथे खर्च झालेला पैसा कारणी लागेल.

प्रश्न : मी ३० वर्षं शाळेत शिकवलं. काही घराण्यांत हुशारी आणि शिस्त रक्तातच असते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आता तर जुळ्यांच्या अभ्यासातून ते सिद्धही झालं म्हणतात. मग शास्त्रज्ञ ते उघड बोलायला का कचरतात?
— निवृत्त शिक्षक, नारायण पेठ

उत्तर : गुरुजी, तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही. हुशार आईबापांची मुलं पुष्कळदा हुशार निघतात. पण त्या घरात रक्ताबरोबर पुस्तकं होती, अभ्यासाला बसायला कोपरा होता, परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी पाणी भरायला पाठवत नव्हतं. वर्गात बसून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

जुळ्यांच्या अभ्यासातून जी टक्केवारी निघते ती एका समाजात, एका काळात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी किती वाटा जनुकांमुळे आहे, हे सांगते. तुमच्या अमुक विद्यार्थ्याचे किती गुण वडिलांकडून आले, हे ती सांगत नाही. दोन समाजांत फरक का, हेही सांगत नाही. उंचीचं बघा. तिची टक्केवारी ८० च्या आसपास निघते, म्हणजे उंचीइतकं आनुवंशिक फार थोडं असतं. तरी दक्षिण कोरियातल्या स्त्रिया शंभर वर्षांत सरासरी २० सेंटीमीटरने वाढल्या. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत. खाणं बदललं, आजार कमी झाले.

आणि शास्त्रज्ञ कचरतात असं म्हणण्यापेक्षा ते भाजलेले आहेत, असं म्हणा. आपल्या इरावतीबाई कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मानणारे. युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंना असमान असते आणि त्याचा त्याच्या बुद्धीशी संबंध आहे, हे दाखवणारं काम त्यांना हवं होतं. इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती आपली पदवी आहे त्यांच्याच मताविरुद्ध. पुढे नाझींच्या ज्या वंशविचाराने लाखो माणसं मारली गेली, त्याला फिशर यांच्या संस्थेने शास्त्राचा मुलामा दिला होता. डेक्कन कॉलेजात इरावतीबाईंनी नंतर अनेक वर्षं शिकवलं. आनुवंशिकतेवर पुण्यात काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही हकिगत पहिल्याच दिवशी सांगावी असा माझा आग्रह असे.

घराण्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला 'याच्या रक्तात नाही' म्हणण्याइतका आधार आज कुठल्याही प्रयोगशाळेकडे नाही.

प्रश्न : मुलीला सांगून आलेलं स्थळ सर्व दृष्टींनी चांगलं आहे. मुलगा ३१ वर्षांचा, निर्व्यसनी. पण त्याच्या सख्ख्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे, हे त्याच्या आईने पहिल्याच भेटीत सांगितलं. मुलगी म्हणते 'मला चालेल'. आम्ही घाबरलो आहोत. जनुकीय तपासणी करून घ्यावी का?
— आईवडील, चिंचवड

उत्तर : पहिल्याच भेटीत हे सांगणाऱ्या त्या आईला माझा नमस्कार कळवा. वर्षानुवर्षं लपवलेली आजारपणं लग्नानंतर उघडी पडताना मी पाहिली आहेत. जे घर हे सांगतं ते घर आजारी मुलीला टाकत नाही, आणि सुनेलाही टाकणार नाही, असं मला वाटतं.

आता आकडे. हा आजार समाजात शंभरात साधारण एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात सुमारे नऊ जणांना. पण पुरुषांत तो बहुतेक वेळा विशीच्या आसपास सुरू होतो. मुलगा ३१ वर्षं निरोगी आहे, म्हणजे त्याचा धोका त्याहून बराच कमी झाला. तुमच्या नातवंडांची ती आत्या होईल. आत्या, मामा, काका, मावशी यांपैकी कुणाला असेल, तर पुढच्या पिढीत शंभरात दोन ते चार. म्हणजे ९६ ते ९८ मुलं या आजाराशिवाय वाढतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार असेल, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण ४० ते ५० टक्केच आहे. जनुकं तीच असून.

'होईल की नाही' हे सांगणारी जनुकीय चाचणी नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. एक अपवाद विचारून घ्या : बहिणीला जन्मतः हृदयाचा दोष किंवा टाळूची फट असेल, तर २२ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असण्याची शक्यता असते. त्याची तपासणी होते, आणि तीही आधी बहिणीची. तसं काही असेल तर मोठ्या रुग्णालयातल्या जनुकीय समुपदेशकांना मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून भेटावं. तुम्ही नाही, त्या दोघांनी. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था पुण्यातच आहे. आजारी माणसांच्या कुटुंबीयांशी तिथे एकदा बोललात, तर आजाराबद्दलची निम्मी भीती कमी होईल. आणि निर्णय मुलीचा आहे. तिने तो दिला आहे.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट, वय ३६, दोन लहान मुलं, हडपसरच्या रुग्णालयात नोकरी. गुडघेदुखीच्या बायका व्यायाम का सोडून देतात, यावर पीएच.डी. करायची इच्छा आहे. नोकरी सोडावी लागेल का? वय निघून गेलं का?
— हडपसर

उत्तर : वय निघून गेलेलं नाही आणि विषय उत्तम आहे. रोज ज्या बायका तुमच्यासमोर येतात आणि तिसऱ्या आठवड्यात यायच्या थांबतात, त्यांच्या घरची पायरी, मोरी, जमिनीवरचा ओटा, सुनेची कामाची पाळी हे सगळं तुम्हाला आधीच माहीत आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाला हे शिकायला वर्षं लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी तुमच्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, आणि स्त्रियांना त्यावर अजून दोनपर्यंत सवलत आहे. बाळंतपण किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. कोर्सवर्क मात्र चुकत नाही. ते कोणत्या वारी असतं हे प्रवेशाआधीच विचारा, कारण हडपसरहून गणेशखिंडीला विद्यापीठात रोज जाणं नोकरी सांभाळून जमणार नाही.

फेलोशिप पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी असते. नेट-जेआरएफ असेल, तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. पुण्यातल्या सारथी आणि बार्टी, नागपूरची महाज्योती या संस्थाही आपापल्या गटांतल्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. अटी बदलत असतात, ताजी जाहिरात पाहूनच अर्ज करा.

मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना भेटा, एक पदवी मिळालेला आणि एक मधेच सोडलेला. सर किंवा मॅडम कधी स्वतः रुग्णांकडे आल्या होत्या का, हे दोघांनाही विचारा. दुसऱ्याला जास्त वेळ द्या.